प्रश्नोत्तरे : ब्रेडबोर्डवरचे पहिले महिने

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागलेल्यांची, म्हणजे ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भोकांत पाय खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) पहिले प्रयोग करणाऱ्यांची पत्रे या वेळी निवडली आहेत. बहुतेक पत्रांत 'पार्टच खराब असेल का?' अशी शंका आहे. नवा घेतलेला रेझिस्टर किंवा ट्रान्झिस्टर मुळातच खराब निघणे तसे दुर्मीळ. जोडणी, पिनांचा क्रम किंवा करंटचा हिशेब यांपैकी काहीतरी हुकलेले असते. म्हणून पार्ट बदलण्याआधी काय मोजायचे, हे उत्तरांत जागोजागी सांगितले आहे.

प्रश्न : नऊ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी थेट लावला, क्षणभर लख्ख पेटला आणि कायमचा गेला. तोच एलईडी घड्याळाच्या गोल सेलवर मात्र बिनतक्रार चालतो. असे का? आणि रेझिस्टर नेमका किती लावायचा?
— नववीतील विद्यार्थी, कराड

उत्तर : लाल एलईडीतून साधारण १.८ ते २ व्होल्टच्या आसपास करंट वाहू लागतो. त्यापुढे व्होल्टेज थोडेसे जरी वाढले, तरी करंट कित्येक पटींनी वाढतो. त्याला आवर घालणारे काही एलईडीच्या आत नसते, ते काम रेझिस्टरचे. तीन व्होल्टच्या गोल सेलला स्वतःचाच अंतर्गत रोध बराच असतो, शिवाय त्याचे व्होल्टेज एलईडीच्या गरजेच्या जवळ असते. त्यामुळे तिथे रेझिस्टर नसूनही निभावते. हा सेलचा दुबळेपणा आहे, त्यावर भरवसा ठेवून दुसरे सर्किट करू नका.

हिशेब असा. बॅटरीचे ९ व्होल्ट, त्यातले २ एलईडीचे, उरले ७. पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीची कमाल मर्यादा सहसा २० मिलिॲम्पिअर असते, पण १५ मध्ये तो भरपूर उजळतो. ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम, बाजारात मिळतो तो ४७०. त्यात साधारण ०.१ वॉट उष्णता होते, म्हणजे पाव वॉटचा नेहमीचा रेझिस्टर पुरतो. पांढरा आणि निळा एलईडी ३ ते ३.२ व्होल्ट घेतात, त्यांनाही नऊ व्होल्टवर हाच ४७० चालेल, करंट साडेबाराच्या आसपास येईल.

चार-पाच एलईडी शेजारी शेजारी जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो. एकाच पुडीतल्या एलईडींतही थोडा फरक असतो. ज्याचे व्होल्टेज सर्वांत कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो, आणि तापला की आणखी ओढतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या. नाहीतर तीन लाल एलईडी एकापुढे एक जोडा : ६ व्होल्ट त्यांचे, उरले ३, म्हणून २२० ओहम. एकाच करंटमध्ये तिन्ही पेटतात. यात तोटा एवढाच, की बॅटरी उतरून सातवर आली की रेझिस्टरसाठी एकच व्होल्ट उरतो आणि प्रकाश एकदम मंदावतो.

लांब पाय पॉझिटिव्ह. पाय कापलेले असतील तर कडेचा चपटा भाग ज्या बाजूला, तो निगेटिव्ह.

प्रश्न : मोठ्या ब्रेडबोर्डवर डावीकडे सर्किट चालते, तेच उजवीकडे केले तर बंद. बोर्ड बदलून घ्यावा का?
— इचलकरंजी

उत्तर : नको. ८३० भोकांच्या बऱ्याच बोर्डांवर वरच्या-खालच्या लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. छापील रेघ मध्येच थांबलेली दिसली तर तिथे जोड नाही असे समजा आणि दोन छोट्या वायरींनी दोन्ही पट्ट्या पलीकडे न्या. रेघ अखंड छापलेली असली तरी मीटरच्या बझरवर एकदा तपासाच.

वायरींबद्दलही लिहून ठेवतो. अनेक तारांची मऊ वायर भोकात दुमडते आणि एखादा केसासारखा धागा शेजारच्या भोकात शिरून शॉर्ट करतो. एकच तांब्याची तार असलेली वायर वापरा. भिंतीतून नेण्याच्या नेटवर्क केबलच्या तुकड्यातून आठ रंगांच्या, जवळपास अर्ध्या मिलिमीटरच्या अशा तारा मिळतात. एक वॉटच्या रेझिस्टरचे किंवा १एन४००७ डायोडचे (एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या पार्टचे) जाड पाय मात्र जोर करून घुसवू नका. आतली पत्र्याची चिमटी एकदा फाकली की त्या भोकात पुढे बारीक पाय सैल बसतो, आणि मग सर्किट बोट लावले की चालते, सोडले की बंद.

प्रश्न : मल्टिमीटर व्होल्टेज बरोबर दाखवतो, पण करंट नेहमी शून्य. बॅटरीचा करंट मोजायला गेलो होतो, तेव्हापासून असे झाले.
— निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : फ्यूज गेला आहे. मीटरच्या मागचे स्क्रू काढा, आत काचेचा छोटा फ्यूज दिसेल. स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये तो बहुधा २०० किंवा ५०० मिलिॲम्पिअरचा असतो. त्याच्यावर कोरलेला आकडा वाचून तेवढ्याचाच नवा घाला. तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

बॅटरीचा करंट असा मोजताच येत नाही. करंटवर ठेवलेला मीटर जवळजवळ सरळ तारेसारखा असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही काड्या बॅटरीच्या दोन टोकांना लावणे म्हणजे बॅटरी शॉर्ट करणे. करंट मोजायचा तर सर्किट एका जागी तोडून मीटर मध्ये घालावा लागतो. त्याहून धोक्याचे म्हणजे लाल काडी '१० अ‍ॅम्पिअर' लिहिलेल्या भोकात राहून जाणे. स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर बहुधा फ्यूज नसतो. पुढच्या वेळी तुम्ही निर्धास्तपणे व्होल्टेज मोजायला जाता, आणि समोर घरचा सॉकेट असेल तर मीटर हातातच फुटू शकतो. करंट मोजून झाला की काडी लगेच मूळ भोकात, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

खरे तर करंट मोजायला काडी हलवण्याची गरज फार कमी वेळा पडते. सर्किटमध्ये कुठेतरी रेझिस्टर असतोच. त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजा आणि ओहमने भागा. ३३० ओहमवर ३.३ व्होल्ट दिसले तर १० मिलिॲम्पिअर वाहतो आहे. काही तोडायचे नाही, काही जळण्याचे भय नाही.

आणखी एक : मीटरच्या स्वतःच्या बॅटरीचे चिन्ह पडद्यावर आले असेल तर आकड्यांवर विश्वास ठेवू नका. बॅटरी उतरलेले मीटर बऱ्याचदा व्होल्टेज जास्त दाखवतात.

प्रश्न : अंधार पडला की पेटणारा दिवा केला. एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा पार्ट), १०० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि एलईडी, सहा व्होल्टवर. संध्याकाळी एलईडी अर्धवटच मिणमिणतो. त्याच्या जागी रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) लावला तर टकटक आवाज करत राहतो. शिवाय प्रीसेट फिरवताना दोन ट्रान्झिस्टर गेले.
— नागपूर

उत्तर : तीन तक्रारी, तीन वेगळी कारणे.

ट्रान्झिस्टर जाण्याचे कारण प्रीसेट. (ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर; बेसला करंट दिला की तो उघडतो.) तो पार टोकाला फिरवला की त्याचा रोध शून्य होतो आणि बेस थेट सहा व्होल्टला जोडला जातो. बेस आणि एमिटर यांच्यात तर ०.७ व्होल्टच लागतात, त्यामुळे तिथून बेसुमार करंट जातो. प्रीसेटच्या मालिकेत कायमचा १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, मग कितीही फिरवा.

दुसरे कारण एलईडीचाच उजेड. तो एलडीआरवर पडतो, सर्किटला वाटते उजाडले, एलईडी मंद होतो. मंद झाला की पुन्हा अंधार. एलईडीच्या बाबतीत हे कुठेतरी मधल्या उजेडावर स्थिरावते, म्हणून मिणमिण. रिलेला अधलीमधली अवस्था नसल्यामुळे त्याने पेटवलेला दिवा एलडीआरवर उजेड पाडत असेल तर तो आत-बाहेर करत बसतो. एलडीआरला काळ्या नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा चढवा आणि त्याचे तोंड दिव्याच्या उलट दिशेला करा. निम्मी तक्रार इथेच मिटेल.

उरलेली निम्मी ट्रान्झिस्टरच्या स्वभावाची. तिन्हीसांजेला एलडीआरचा रोध हळूहळू वाढतो, तसे बेसचे व्होल्टेज ०.५५, ०.६, ०.६५ असे सावकाश चढते आणि ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो. रिले लावलेला असेल तर हे त्याला मानवत नाही. यावर उपाय एलएम ३५८ या, दोन व्होल्टेजची तुलना करू शकणाऱ्या आठ पायांच्या आयसीचा. १० किलोओहमचा रेझिस्टर पॉझिटिव्हकडून आणि एलडीआर निगेटिव्हकडे, असे दोन्ही एकापुढे एक जोडा. त्यांच्या मधल्या बिंदूपासून आणखी एक १० किलोओहमचा रेझिस्टर पिन ३ ला न्या. प्रीसेटची दोन टोके पुरवठ्याला आणि मधला पाय पिन २ ला. पिन ८ पॉझिटिव्ह, पिन ४ निगेटिव्ह. आता मुख्य गोष्ट : पिन १ पासून पिन ३ पर्यंत ४७० किलोओहम. आउटपुट चढले की हा रेझिस्टर पिन ३ ला आणखी थोडे वर ढकलतो, त्यामुळे पेटण्याची आणि विझण्याची पातळी यांत एक दशांश व्होल्टच्या आसपास अंतर पडते. दिवा एकदा पेटला की पेटलेलाच राहतो, ढग सरकला म्हणून विझत नाही. पिन १ ला २२० ओहम आणि लाल एलईडी लावा. सहा व्होल्टवर या आयसीचे आउटपुट साडेचारच्या आसपासच चढते, म्हणून रेझिस्टर कमी घेतला आहे. आयसीचा दुसरा अर्धा भाग मोकळा राहतो, त्याची पिन ६ पिन ७ ला आणि पिन ५ निगेटिव्हला जोडून टाका.

प्रश्न : १२ व्होल्टचा छोटा रिले बीसी ५४७ ने चालवतो. दहा-पंधरा वेळा चालू-बंद केला की ट्रान्झिस्टर मरतो. डायोड लावून पाहिला, तेव्हा तर पहिल्याच वेळी गेला.
— पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : डायोड हवाच, पण तुमचा उलटा लागला होता. कॉइलमधला करंट एकाएकी तोडला की कॉइल स्वतःच मोठे व्होल्टेज उभे करते. बीसी ५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट, त्यापुढचे धक्के तो काही वेळ सोसतो आणि मग जातो. १एन४००७ रिलेच्या कॉइलला समांतर लावा, त्यावरची पांढरी पट्टी १२ व्होल्टच्या पॉझिटिव्हकडे. पट्टी ट्रान्झिस्टरकडे असली तर ट्रान्झिस्टर उघडताच सगळा पुरवठा डायोडमधून थेट त्याच्यातून वाहतो, तुमच्याकडे तेच झाले.

बेस रेझिस्टरचाही हिशेब तपासा. या निळ्या चौकोनी रिलेच्या १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध ४०० ओहमच्या आसपास, म्हणजे ३० मिलिॲम्पिअर. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडावा म्हणून बेसला त्याचा पंधरावा भाग, म्हणजे २ मिलिॲम्पिअर द्या. पाच व्होल्टचा इशारा (सिग्नल) असेल तर ४.३ भागिले ०.००२, म्हणून २.२ किलोओहम. पुस्तकात गेन (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरचा करंट) २०० दिला आहे म्हणून बेसला ०.१५ मिलिॲम्पिअर पुरेल, हा हिशेब स्विचिंगला लावू नका. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापतो. रिले ओढलेला असताना कलेक्टर आणि एमिटर यांच्यात ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. एक-दोन व्होल्ट दिसले तर बेसला करंट कमी पडतो आहे.

तोच रिले ५ व्होल्टचा घेतला तर कॉइल ७० ओहमची, करंट ७० मिलिॲम्पिअरच्या वर जातो. बीसी ५४७ ची हद्द १००. काठावर चालवण्यापेक्षा बीसी ३३७ घ्या. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर त्याचेही पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असेच आहेत. २एन२२२२ प्लास्टिकच्या अवतारात वेगवेगळ्या क्रमाने मिळतो, तो घेतला तर पाय मीटरने ओळखा : डायोडच्या खुणेवर लाल काडी एका पायाला ठेवून काळी बाकी दोघांना लावल्यावर दोन्हीकडे ०.६ ते ०.७ दिसले, तर लाल काडी बेसवर आहे. त्या दोन आकड्यांत जो किंचित मोठा तो एमिटर.

रिलेच्या दुसऱ्या बाजूला घरची वीज जोडायची असेल तर ते ब्रेडबोर्डवर कधीही करू नका.

प्रश्न : १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरला चार डायोडचा ब्रिज (एसीचे डीसी करणारी जोडणी) आणि १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला. कपॅसिटर मोठ्या आवाजाने फुटला. १२ व्होल्टला २५ चा कपॅसिटर कमी कसा पडला?
— बेळगाव

उत्तर : ब्रिज दोन्ही टोकांच्या वायरींना लावलात, मधली वायर सोडलीत. दोन टोकांमध्ये १२ नव्हे, २४ व्होल्ट असतात. तेही एसीचे आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) मूल्य. शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ३४ व्होल्ट. डायोडचे १.४ वजा करून कपॅसिटरवर साडेबत्तीसच्या वर आले. लोड नसताना छोटे ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देतात, ते वेगळेच.

एक टोक आणि मधली वायर घेऊन ब्रिज लावा, किंवा दोन्ही टोकांना एकेक डायोड आणि मधली वायर निगेटिव्ह. दोन्ही प्रकारांत १६ व्होल्टच्या आसपास मिळतील आणि लोड काढल्यावर १९-२० पर्यंत चढतील. तेव्हा १६ व्होल्टचा कपॅसिटर बाद, २५ चालेल, ३५ चा असेल तर निश्चिंत. कपॅसिटरवरची रेघ ज्या पायाकडे, तो निगेटिव्ह. कपॅसिटर उलटा लावला तरी असाच फुटतो, म्हणून पहिल्यांदा वीज देताना चेहरा वर न्यायचा नाही.

पुढे ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारा आयसी) लावणार असाल तर १६ व्होल्ट जास्तच होतात. १६ मधले ११ व्होल्ट तो उष्णता म्हणून उधळतो. १०० मिलिॲम्पिअरला १.१ वॉट. हीटसिंकशिवाय दर वॉटला त्याचे आतले तापमान साधारण ६५ अंशांनी वाढते. मे महिन्यातल्या ४४ अंशांत म्हणजे तो ११५ वर गेला, १२५ ला मर्यादा संपते. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, ११-१२ व्होल्ट मिळतील आणि ७८०५ ला लागणारे किमान ७ त्यात सहज आहेत. पण नवख्या माणसाने ट्रान्सफॉर्मरकडे मुळात का वळावे, असा आमचा प्रश्न आहे. ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर किंवा १२ व्होल्टचा बंद डब्यातला अडॅप्टर घ्या. २३० व्होल्टची वायर टेबलावर न आणता वर्षभर शिकता येते.

प्रश्न : ५५५ या टायमर आयसीचा ब्लिंकर केला. एलईडी सतत पेटलेला राहतो, लुकलुकत नाही.
— सोलापूर

उत्तर : हान्स कॅमेनझिंड यांनी रचलेला हा आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि तेव्हापासून नवशिके त्याच दोन-तीन ठिकाणी अडतात. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडल्या आहेत का? पिन ४ पॉझिटिव्हला आहे का? आयसीवरची खाच डावीकडे ठेवली तर पिन १ खाली डावीकडे येते आणि आकडे तिथून उजवीकडे जाऊन वरून परत येतात. वरची रांग डावीकडून मोजायला सुरुवात केली की सगळेच उलटे होते.

जोडणी अशी : पिन ८ आणि ४ पॉझिटिव्ह, पिन १ निगेटिव्ह, पिन ८ ते ७ मध्ये १० किलोओहम, ७ ते ६ मध्ये ६८ किलोओहम, पिन २ पासून निगेटिव्हला १० मायक्रोफॅरड, पिन ५ पासून निगेटिव्हला '१०३' छापलेला (०.०१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर. पिन ३ ला ४७० ओहम आणि एलईडी. १.४४ भागिले (१०,००० + २ × ६८,०००) × ०.००००१, म्हणजे सेकंदाला जवळपास एकदा. कपॅसिटर चुकून १० ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचा लागला तर सेकंदाला शंभरदा लुकलुकतो आणि डोळ्यांना सतत पेटलेला दिसतो! तुमच्या बाबतीत हीच शक्यता जास्त वाटते. दोन पेन्सिल सेलवर चालवत असाल तर साध्या ५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात.

प्रश्न : सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन डायला (सोल्डरिंग आयर्नला) चिकटते. जोड झालाच तर ओढल्यावर सुटतो.
— महाड

उत्तर : सोल्डर गरम करून जोडावर टाकत असाल. उलटे करा : २५ वॉटच्या डायचे टोक पाय आणि तांबे या दोघांना एकदम टेकवा, दोनएक सेकंदांनी दुसऱ्या बाजूने सोल्डर लावा. ते स्वतःहून वितळून पसरले, की आधी सोल्डर काढा, मग डाय, आणि गार होईपर्यंत पाय हलवू नका. चांगला जोड चकचकीत आणि कडेला उतरता दिसतो. करडा, दाणेदार, फुगीर दिसला तर कच्चा समजा.

सोल्डर ६०/४० चे, आत रोझिन फ्लक्स असलेले घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले पत्र्याच्या कामाचे आम्लाचे फ्लक्स बोर्डावर वापरले तर काही महिन्यांत तांबे हिरवे पडते. डायचे टोक काळे पडले असेल तर ओल्या स्पंजवर पुसून लगेच सोल्डरचा थर द्या. मुलामा दिलेले टोक कानशीने घासू नका. साधे तांब्याचे असेल तर चालते. सोल्डरमध्ये शिसे असते, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

प्रश्न : सुरुवातीला काय काय आणि किती घ्यावे? कुठून?
— धाराशिव

उत्तर : तयार किटमध्ये नको असलेलेच फार असते. रेझिस्टर पाव वॉटचे, २२०, ४७० ओहम, १, २.२, १०, ४७ आणि १०० किलोओहम प्रत्येकी वीस. '१०४' (०.१ मायक्रोफॅरडचे) सिरॅमिक कपॅसिटर वीस, १० आणि १०० मायक्रोफॅरड पाच-पाच. बीसी ५४७ दहा (जळणार आहेत), बीसी ५५७ पाच, १एन४००७ दहा, लाल एलईडी पंचवीस, ५५५ आणि एलएम ३५८ तीन-तीन, दोन एलडीआर, १० आणि १०० किलोओहमचे प्रीसेट. मीटर साधाच, पण बझरवाला. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे हे सगळे सुटे मिळते. पाच पट्ट्यांच्या निळ्या रेझिस्टरवर तपकिरी आणि लाल यांत गल्लत होते, तेव्हा घरी आल्यावर प्रत्येक किंमत मीटरने मोजून वेगळ्या पुडीत ठेवा.

प्रश्न : हे सगळे सोडून थेट अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा तयार बोर्ड) घेतला तर?
— ठाणे

उत्तर : घ्या, हरकत नाही. पण त्याच्या पिनेतूनही २० मिलिॲम्पिअरच्या आतच करंट काढायचा असतो, म्हणजे एलईडीला रेझिस्टर आणि रिलेला ट्रान्झिस्टर व डायोड तिथेही लागणारच.

प्रश्न : बंद पडलेल्या सीएफएल आणि चार्जरमधून पार्ट काढून वापरू का?
— अकरावीतील विद्यार्थी, जालना

उत्तर : जुना रेडिओ, रिमोट, सेलवरची खेळणी यांतून खुशाल काढा. सीएफएल, चार्जर आणि एलईडी बल्ब यांना तूर्त हात लावू नका. २३० व्होल्ट एसीचे डीसी झाले की ३२५ व्होल्ट होतात, आणि आतला ४०० व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तो साठा धरून ठेवू शकतो.